माणिकबाईचा मिसकॉल

१

माणिकबाई राऊत तीन तारखेला वारली. एकवीस तारखेला मी कॉम्प्युटरवर तिचं नाव उघडलं, तेव्हा तिनं त्या दिवसाची टीबीची गोळी घेतलेली होती. आदल्या दिवशीचीही घेतली होती. मेल्यापासून एक दिवस तिनं चुकवला नव्हता.

मी ललिता वानखडे. चांदूर बाजार तालुक्यातल्या टीबीच्या पेशंटांवर लक्ष ठेवणं हे माझं काम. बावीस वर्षं स्कूटीवरून गावोगाव हिंडून लोकांच्या थुंकीच्या डब्या गोळा केल्यात, त्यामुळे माझी जीभ जरा तिखट आहे. मेलेल्या माणसाची नोंद बंद करायला वेगळा फॉर्म असतो. तो भरायचा मी अठरा दिवस कंटाळा केला होता, म्हणून माणिकबाई कागदावर अजून जिवंत होती. पण तिचे चौकोन हिरवे कसे?

चौकोनांचं असं आहे. आमच्या गोळ्यांच्या पाकिटाला मागून पुठ्ठा असतो. गोळी दाबून काढली की पुठ्ठा फाटतो आणि तिच्यामागे दडलेला एक फोन नंबर दिसतो. प्रत्येक गोळीमागे वेगळा. पेशंटनं रोज घरच्या फोनवरून त्या नंबरला मिसकॉल द्यायचा, की इकडे त्या दिवसाचा चौकोन हिरवा होतो. दवाखान्यात यायला नको, बुडीत मजुरी नको. आणि गोळी काढल्याशिवाय नंबर कळत नाही, म्हणजे कुणी थापही मारू शकत नाही.

आमचा ऑपरेटर गोवर्धन माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. "म्याडम, आपले जिवंत पेशंट चार दिवसाआड बुट्टी मारतेत. अन् हे भूत पाहा, नियमानं गोळी घेऊन राहिलं."

"मशीनची चूक असेल."

"मशीन चुकलं असतं तर येळ एक कशी राह्यली असती? रोज सहा वाजून दहा मिनिटं." त्यानं बोट ठेवलं. "अन् फोन तिच्याच नंबरवरून."

मी हसणार होते, पण हसू आलं नाही. माणिकबाईच्या मयतीला मी स्वतः गेले होते. तिरडी उचलायच्या आधी तिच्या नवऱ्यानं, देवमननं, तिचा तो काळा बटणांचा फोन तिच्या पदराला गाठ मारून बांधला होता. म्हणाला होता, "जीव होता तिचा याच्यात, संग जाऊ द्या."

तो फोन माझ्या डोळ्यांदेखत घरातून स्मशानाकडे गेला होता.

२

गोवर्धनला चहाला पिटाळून मी यादी पुन्हा पहिल्यापासून वाचली. भुतांवर माझा विश्वास नाही. पण त्या खोलीत दिवसाढवळ्या मी दोनदा दाराकडे वळून पाहिलं, हेही खरं.

माणिकबाई सदतीस किलोची. टीबीच्या गोळ्या वजनावर ठरतात. चाळीस किलोपर्यंत रोज दोन, चाळीस ते पंचावन्न तीन, त्यापुढं चार. हा तक्ता पेशंटच्या कार्डावर मागे छापलेलाच असतो. माणिकबाई रोज दोन गोळ्या काढायची आणि पहिलीमागच्या नंबरला फोन लावायची. त्यामुळे जिवंतपणी तिचे फोन एक सोडून एक होते. पहिली गोळी, तिसरी, पाचवी, सातवी.

वारायच्या आदल्या दिवशीच मी तिला नवीन साठ गोळ्या दिल्या होत्या. चार तारखेला पहिल्या गोळीमागच्या नंबरला फोन आला. पाच तारखेला चौथ्या. सहाला सातव्या. मग दहाव्या, तेराव्या. मी बोटांवर मोजत एकवीस तारखेपर्यंत आले, बावन्नाव्या गोळीपर्यंत. एकदाही चुकलं नव्हतं.

रोज तीन गोळ्या.

मेल्यावर माणिकबाईचं वजन वाढलं होतं.

अंगावर सर्रकन काटा आला, तो आधी भीतीनं आणि मग दुसऱ्याच कारणानं. भुताला तक्ता वाचायची गरज नसते. त्या गोळ्या कुणीतरी खात होतं, आपलं वजन करून, तक्ता बघून खात होतं. म्हणजे त्या घरात आणखी एकाला टीबी होता आणि तो कुणाला कळू द्यायचा नव्हता.

साठ गोळ्या, रोजच्या तीन. तेवीस तारखेला शेवटच्या तीन निघणार होत्या. औषध असं अर्ध्यात तुटलं की रोग माजतो, आणि मग याच गोळ्या त्याच्यापुढे पाणी होतात. अशी माणसं मी पोचवलेली आहेत. माझ्या हातात दोन दिवस होते.

पोलिसांना कळवावं असं गोवर्धनचं मत पडलं. मी त्याला गप्प केलं. देवमनच्या मुलीचं, पौर्णिमाचं लग्न बाळापूरला ठरलेलं होतं. त्या दारात पोलिसांची गाडी उभी राहिली असती तर ज्याला शोधायचं तो मेला तरी कबूल झाला नसता. मी स्कूटी काढली.

३

देवमनचं गाव चांदूर बाजारपासून नऊ किलोमीटर, सगळं फुलमळ्यांचं. कार्तिकातली शेवंती ऐन भरात होती. वास इतका दाट की घशात बसावा. घराच्या मागे मळा, आणि मळ्याच्या कडेला टिनाची एक कोठी. पूर्वी तिथं फुलांच्या गोण्या ठेवत. टीबी निघाल्यावर माणिकबाईची खाट त्या कोठीत टाकली होती. मी तेव्हाच भांडले होते, की बाई हवेशीर ओसरीत झोपली तरी चालेल, गोळ्या सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रोग पसरायचा थांबतो. पण ऐकतो कोण?

"सरकारी नियम आहे," मी ठोकून दिलं. "पेशंट गेला तरी घरातल्या सगळ्यांची वजनं घ्यायची." अंगणात गोण्या तोलायचा काटा होताच.

देवमन आधी चढला. अडुसष्ट. धिप्पाड माणूस, पण अठरा दिवसांत डोळे खोल गेले होते. मुलगा शुभम एकोणसाठ. दोघांनाही चार गोळ्या लागल्या असत्या. मी मनातल्या मनात दोघांना खोडून टाकलं.

पौर्णिमा काट्यावर चढली ती सुनेचं दोन वर्षांचं लेकरू कडेवर घेऊनच. उतरवायला लावलं तर लेकरानं टाहो फोडला. एकोणपन्नास. आकडा ऐकताच तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काहून रडतेस गं?"

"काई नाई, ताई. आई म्हणे, लग्नापर्यंत पन्नास कर. अमरावतीच्या होस्टेलात खानं गोड नसे. परीक्षा चालू होती, म्हणून मले कोणी बोलावलंच नाई. आले थे आईची खबर आल्यावरच."

शेवटी सून, सीमा, माहेर अकोल्याचं. तोंडाला स्कार्फ बांधलेला, मळ्यात काम करणाऱ्या सगळ्याच बाया बांधतात तसा. बेचाळीस. ती उतरली आणि पुन्हा हार ओवायला बसली.

दोघी तीन गोळ्यांच्या. एकीचं लग्न तोंडावर, झाकली मूठ सव्वा लाखाची. दुसरीला लपवायचं कारण काय? माझं मन सरळ पौर्णिमाकडे धावलं.

"माणिकबाईच्या उरलेल्या गोळ्या परत द्या," मी देवमनला म्हणाले.

"कुठं गेल्या देवजाने. थाळी, औषध सारं सीमाच नेऊन ठेवे कोठीत. आमी कोणी जात नव्हतो." त्यानं मान खाली घातली. मग आजूबाजूला पाहून तो माझ्याजवळ सरकला. एवढा मोठा माणूस, पण आवाज लेकरासारखा झाला होता. "ताई, तुमाले म्हणून सांगतो. थे गेली नाई अजून."

"कोण?"

"माणिक. रोज सकाळी कोठीतून खोकलते. म्या आइकलं, शुभमनं आइकलं. तवापासून तिकडं कोणी फिरकत नाई."

मी उठून कोठीकडे गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत माणिकबाईची खाट तशीच, घडी घातलेली गोधडी, खिळ्याला टांगलेली तिची वेगळी थाळी. सगळ्यावर धूळ होती. फक्त उशाजवळच्या पितळी पेल्यावर नव्हती.

मी पेला उचलला. आतून ओला होता.

४

दुसऱ्या दिवशी, बावीस तारखेला, पहाटेच निघून पावणेसहाला मी मळ्याच्या बांधावर उभी होते. झुंजुमुंजू झालं होतं आणि धुक्यात शेवंतीचे ताटवे पांढरे दिसत होते. कोठीचं दार बंद. तोडणी सुरू झाली होती. "फुलांचा भाव बघायला आले," असं मी म्हणाले. कुणाला खरं वाटलं नसणार. पण मला चौघं एकदम डोळ्यांसमोर हवे होते.

देवमन गोणीचं तोंड शिवत होता. शुभम मोटरसायकलला गोण्या बांधत होता. पौर्णिमा आणि सीमा एकमेकींपासून एक ओळ सोडून फुलं तोडत होत्या, पदराची ओटी कमरेला खोचून, तोडलेलं फूल ओटीत टाकत. लेकरू बांधावर झोळीत निजलं होतं. गोवर्धनला मी त्याच्या घरी कॉम्प्युटरसमोर बसवून ठेवला होता, फोन आला की लगेच मला कळव म्हणून.

सहा वाजून आठ. सहा वाजून नऊ. कुणी खिशात हात घातला नाही. कुणी मळा सोडला नाही.

सहा वाजून दहाला माझा मोबाईल थरथरला. गोवर्धनचा निरोप होता: "आला. पंचावन्नावी गोळी."

मी मान वर केली. चौघंही होते तिथंच होते. देवमनच्या एका हातात दाभण, दुसऱ्यात सुतळी. शुभमचे दोन्ही हात दोरावर. दोघी बाया फुलं तोडत होत्या. धुकं जरा हललं आणि क्षणभर मला खरोखर वाटलं, की आमच्यात पाचवं माणूस उभं आहे.

मी माणिकबाईचा नंबर लावला. काल दिवसभर तो बंद लागत होता. आता रिंग गेली. मळ्यात कुठंही आवाज झाला नाही. तीन वेळा, चार वेळा रिंग गेली आणि फोन उचलला गेला.

पलीकडून कुणी बोललं नाही. नुसती सळसळ, ओल्या पानांत हात फिरवल्यासारखी.

तेवढ्यात देवमन लेकाला ओरडला, "आवळून बांध रे शुभम!"

मला ते दोनदा ऐकू आलं. एकदा हवेतून, एकदा फोनमधून.

५

फोन कटला. मी बांधावर बसले, आणि बसल्या जागी डोकं चालायला लागलं.

भूत गेलं, एवढं नक्की झालं. चितेवर फोन गेला होता, पण त्यातलं सिमकार्ड कुणी आधीच काढलं असेल तर? ते दुसऱ्या फोनमध्ये होतं, आणि तो फोन या मळ्यात, या घटकेला, फुलांखाली होता. पुरुषांचे दोन्ही हात मी पाहत होते. ज्यांचा हात दर पळाला ओटीत जात होता, त्या दोघीच. नंबर आधी दाबून ठेवायचा आणि वेळ झाली की फुलं टाकता टाकता हिरवं बटण. आवाज बंद ठेवलेला फोन माझ्या रिंगनं थरथरला, तेव्हा घाईत ती कट करायला गेली असणार आणि चुकून उचलली गेली.

वजनानं त्याच दोघी उरल्या होत्या, ओटीनंही त्याच उरल्या. पौर्णिमा की सीमा?

आणि मग मला तो प्रश्न पडला, जो खरं तर पहिल्या दिवशीच पडायला हवा होता. चोरून गोळ्या खाणारीनं फोन कशाला करावा? फोन केला नसता तर मला काही कळलंच नसतं. चोर घरात शिरताना घंटा वाजवत नाही. आणि ही तर मी समोर उभी असताना, पकडली जाण्याची भीती असताना, सहा दहाचा ठोका चुकवायला तयार नव्हती. का?

उत्तर आठवलं तेव्हा मला माझीच लाज वाटली.

पहिल्या दिवशी माणिकबाई फोन लावायला कुरकुरली होती. "गोळी खाल्ली ना, मंग फोन कायले?" घाईत होते मी, अजून तीन गावं बाकी होती. उचलली जीभ लावली टाळ्याला. "अहो, सव्वासहाच्या आत फोन गेला नाही तर गोळी अंगी लागत नाही. तिकडून औषध चालू करावं लागतं," असं म्हणाले. बिचारीनं खरं मानलं. अंगणात आम्ही दोघीच नव्हतो. दारात पाठमोरी बसून कुणीतरी हार ओवत होतं.

पौर्णिमा तेव्हा अमरावतीला होती. आईची खबर येईपर्यंत तिनं या घरात पाऊल टाकलं नव्हतं. माणिकबाईनं नंतर कुणाला सांगितलं असेल म्हणावं, तर तिच्याशी बोलत कोण होतं? कोठीत जाणारी एकच होती, थाळी नेणारी. बाकीचे तिला भीत होते, मेल्यावर तर जास्तच. त्या पेल्यात पाणी पिणारी मात्र भीत नव्हती, कारण कोठीत खोकणारं भूत ती स्वतःच होती.

आणि ते लेकरू. आई हाताच्या अंतरावर असून ते आत्याच्या कडेवर का? पौर्णिमा आजारी असती तर तिनं भावाचं पोर दिवसभर छातीशी धरलं नसतं. आईनंच ते स्वतःपासून तोडलं होतं.

मी उठून सीमाच्या ओळीत गेले.

"सीमा, ओटीतली फुलं गोणीत टाक बरं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग ओटी सोडली. शेवंतीच्या ढिगावर छोटा बटणांचा फोन पडला.

६

"घरात नका सांगू वो ताई," ती पहिलं वाक्य हेच बोलली. स्कार्फ खाली ओढला तेव्हा तिचे ओठ पांढरे होते. "मले कोठीत टाकतीन. लेकरू घेऊन घेतीन माह्यं."

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून. संध्याकाळी अंग तापे. मंग पदरावर रगत पडलं. सासूबाईले न्हाऊ घालतानी म्याच सिम काढलं, अन् गोळ्याबी ठेवल्या. काट्यावर वजन केलं, तक्ता पाह्यला." "म्या पाह्यलं ना ताई, तिचं कसं झालं थे. टीबीनं नाई मेली थे. छातीत कळ आली तवा हाक मारली असन तिनं. कोठीत कोणाले आइकू येते?"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला तर डोकं गरम होतं.

"आजचीबी घेतली म्या. फोनबी केला," ती लहान पोरीनं गृहपाठ दाखवावा तशी म्हणाली. "लागू पडन ना?"

"सीमा, फोनचं मी खोटं सांगितलं होतं. गोळी फोनशिवायही लागू पडते. चूक माझी आहे." मग मी तिला राहिलेलं खरंही सांगितलं. लपवणं जमणार नाही, लेकराची तपासणी करावीच लागेल, आणि गोळ्या परवापासून नाहीत. ती तिथंच बसली आणि तोंडावर पदर घेऊन रडली. मीही रडले. बावीस वर्षांत पेशंटसमोर पहिल्यांदाच.

देवमनला मीच सांगितलं, तिघांच्या समोर. शुभम बायकोकडे बघत राहिला. पौर्णिमानं लेकरू आणखी घट्ट धरलं. देवमन उठला आणि कोठीकडे चालू लागला. सीमाच्या घशातून एक बारीक आवाज निघाला. मलाही तेच वाटलं, कोठीत तिच्यासाठी जागा करायला चालला.

आतून आदळआपट ऐकू आली. मग माणिकबाईची खाट डोक्यावर घेऊन तो बाहेर आला. अंगण ओलांडून त्यानं ती ओसरीत टाकली, अगदी उंबऱ्याशी, जिथं दोन्हीकडून वारा येतो. परत जाऊन ती वेगळी थाळी आणली आणि आपल्या मांडीवर घेऊन बसला.

"थे तिथं नाई झोपन," तो म्हणाला. "घरात झोपन. कोठी मी उद्या पाडतो." आणि मग, "खोकला आइकू येत होता मले. रोज. म्या उठलो नाई."

तो कोणत्या खोकल्याबद्दल बोलत होता, हे मी विचारलं नाही.

त्याच दिवशी सीमाची थुंकी चांदूर बाजारच्या मशीनवर गेली. टीबी होता, पण गोळ्यांना दाद देणारा. लेकरू स्वच्छ निघालं, त्याला राखणीचं औषध सुरू केलं. थोडे दिवस ते आत्याजवळच झोपेल आणि मग आईजवळ. तेवीसला जुन्या पाकिटातल्या शेवटच्या तीन गोळ्या सीमानं माझ्यासमोर घेतल्या. मी नवीन पाकीट दिलं, माणिकबाईची नोंद बंद केली, नवीन नाव घातलं. सीमा शुभम राऊत, वजन बेचाळीस, रोज तीन. मिसकॉलसाठी घरातले सगळे नंबर लिहून घेतले. फोनची सक्ती नाही, असं तिला पुन्हा पुन्हा बजावलं.

चोवीस तारखेला मी घरूनच कॉम्प्युटर उघडून बसले. सहा वाजून दहा झाले. चौकोन पांढराच होता. बारा. चौदा. मीच तर सांगितलं होतं, फोन नाही केला तरी चालतं म्हणून. तरी चहा गार झाला.

सहा वाजून सतराला चौकोन हिरवा झाला.

पहिली गोळी. मी नंबर पाहिला. सीमाचा नव्हता, शुभमचाही नव्हता. बायकोला दोन महिन्यांत एक गोळी हातानं न देणारा देवमन सुनेसमोर पेला घेऊन उभा राहिला असणार, आणि मिसकॉल त्याच्या फोनवरून आला होता.